डेटाबेस जोडला, पण चावी कोणाकडे?

क्लाउडवर डेटाबेस उभा करून त्याला नमुना ॲप जोडणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. पण भूमसारख्या तालुक्यात असा नमुना लवकरच खऱ्या हिशेबाला लागतो. म्हणून ‘जोडले गेले’ या संदेशानंतरचा धडा आधी शिकवायला हवा.

भूम तालुक्यात दिवसाचा पहिला व्यवहार दुधाचा असतो. बालाघाटाच्या कमी पावसाच्या या पट्ट्यात शेतीला दुधाची जोड आहे आणि दुधाला खव्याची. कुंथलगिरीचा पेढा अनेकांना माहीत असतो. त्यामागे पहाटेपासून संकलन केंद्रावर येणाऱ्या किटल्या आणि कॅन असतात. दूध मोजले जाते, फॅट आणि एसएनएफ बघितले जाते, नोंद होते आणि साधारण दर दहा दिवसांनी त्या नोंदींवरून उत्पादकाच्या हातात पैसे पडतात. नोंद चुकली तर पैसे चुकतात आणि नोंदच हरवली तर भांडण होते.

आता समजा, अशाच एका केंद्रचालकाचा भाचा संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या प्रकल्पासाठी तो दुधाच्या नोंदींचे छोटे ॲप करतो. व्हिडिओ बघून क्लाउडवर मोफत डेटाबेस उघडतो, ॲप जोडतो आणि पहिली नोंद पडद्यावर दिसते. मामा खूश होतो आणि म्हणतो, ‘उद्यापासून हेच वापरू.’ नमुना म्हणून बांधलेल्या घरात माणसे राहायला येतात ती अशी. दार, कडी, कुलूप यांचा विचार मात्र नमुना बांधताना झालेला नसतो.

क्लाउड डेटाबेस म्हणजे नेमके काय?

डेटाबेस म्हणजे शिस्तीने मांडलेल्या नोंदी. हव्या त्या क्षणी शोधता येतात, दुरुस्त करता येतात, बेरीज-वजाबाकी करता येते. पूर्वी यासाठी कार्यालयात स्वतःचा सर्व्हर लागायचा. वीज गेली की तो बंद आणि डिस्क बिघडली की माहिती गेली. क्लाउड डेटाबेसमध्ये यंत्रे कंपनीच्या डेटा सेंटरमध्ये असतात आणि आपण इंटरनेटवरून ती वापरतो.

‘ढगात’ या शब्दामुळे गैरसमज होतो. प्रत्यक्षात माहिती जमिनीवरच्याच एका इमारतीत असते. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे आपली क्लाउड केंद्रे सुरू केली. ॲमेझॉनचे मुंबई केंद्र २०१६ मध्ये आले, गुगलचे २०१७ मध्ये. त्यामुळे भूममधल्या केंद्राची नोंद अमेरिकेला न पाठवता मुंबईत ठेवता येते. मुंबईहून उत्तर यायला सेकंदाचा काही शतांश भाग लागतो, अमेरिकेहून त्याच्या कित्येक पट. एका नोंदीला हा फरक जाणवत नाही. रांगेत साठ माणसे उभी असताना जाणवतो.

आपला सातबारा आपण ऑनलाइन बघतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी मोबाइलवरून पिकाची नोंद करतो. पडद्यामागचे तत्त्व तेच आहे. हातात ॲप, दूर कुठेतरी डेटाबेस आणि दोघांना जोडणारा रस्ता.

उभारणी कशी करतात?

विद्यार्थ्यांमध्ये मोंगोडीबी कंपनीची ‘ॲटलस’ ही सेवा बरीच वापरली जाते, म्हणून तिचेच उदाहरण घेऊ. इतर सेवांमध्ये बटणांची नावे वेगळी असतील, पायऱ्या जवळपास याच असतात.

पहिली पायरी खाते उघडण्याची. ई-मेल द्यायचा, पासवर्ड ठरवायचा. दुसरी पायरी क्लस्टर तयार करण्याची. क्लस्टर म्हणजे एकत्र काम करणाऱ्या यंत्रांचा गट. ५१२ एमबीचा एक लहान क्लस्टर मोफत मिळतो. कोणत्या कंपनीच्या क्लाउडवर आणि कोणत्या शहरात ठेवायचा ते विचारले जाते. तिथे मुंबई निवडावी.

तिसरी पायरी डेटाबेसचा वापरकर्ता तयार करण्याची. इथे अनेकांचा गोंधळ होतो. खात्याचा ई-मेल-पासवर्ड वेगळा आणि डेटाबेसचा वापरकर्ता वेगळा. पहिला माणसासाठी असतो, दुसरा ॲपसाठी. घरमालकाच्या चावीत आणि दूध ठेवायला येणाऱ्याला दिलेल्या फाटकाच्या चावीत जो फरक, तोच इथे आहे.

चौथी पायरी आयपी पत्त्यांची यादी. इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक जोडणीला एक आकडी पत्ता असतो. कोणत्या पत्त्यांवरून आलेल्यांना आत घ्यायचे, ते या यादीत लिहायचे. यादी रिकामी असेल तर कोणालाच प्रवेश नाही.

ॲप कसे जोडतात?

सेवा आपल्याला एक लांबलचक ओळ देते. तिला ‘कनेक्शन स्ट्रिंग’ म्हणतात. त्या एका ओळीत डेटाबेसचा पत्ता, वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड असे तिन्ही असते. म्हणजे पत्ता आणि चावी एकाच चिठ्ठीत. ॲप ज्या भाषेत लिहिले आहे, त्या भाषेसाठीचा ‘ड्रायव्हर’ नावाचा छोटा प्रोग्रॅम लॅपटॉपवर घ्यायचा, त्याला ही ओळ द्यायची आणि पहिली नोंद लिहायची: तारीख, सकाळ की संध्याकाळ, सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ, दर. मग ॲटलसच्या पानावर जाऊन ती नोंद खरोखर पोहोचली का, ते बघायचे.

नाही पोहोचली तर दोन कारणे नेहमीची असतात. एक, पासवर्डमध्ये ‘ॲट’चे चिन्ह असते. कनेक्शन स्ट्रिंगमध्ये त्याच चिन्हाने पासवर्ड संपून पत्ता सुरू होतो, त्यामुळे ड्रायव्हर गोंधळतो. तिथे त्या चिन्हाऐवजी टक्क्याचे चिन्ह आणि त्यापुढे इंग्रजी आकड्यांत ४० लिहावे लागते. दुसरे कारण, आयपी पत्ता यादीत नसतो.

दुसरे कारण भूममध्ये जास्त त्रास देते. अनेक मुले लॅपटॉपला मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून इंटरनेट देतात. मोबाइलचा आयपी पत्ता स्थिर नसतो. सकाळी जोडलेले ॲप दुपारी जोडले जात नाही. मुलगा वैतागतो, व्हिडिओ शोधतो आणि त्याला उपाय सापडतो: यादीत चार शून्यांचा पत्ता घाला, म्हणजे कुठूनही प्रवेश मिळेल. तो घालतो, ॲप चालते आणि विषय संपतो. खरे तर विषय तिथेच सुरू व्हायला हवा.

सगळ्यांना मुभा दिली तर काय बिघडते?

चार शून्यांचा अर्थ ‘जगातल्या कोणत्याही पत्त्यावरून आलात तरी दारापर्यंत या’ असा आहे. मग दारावर राहते ते फक्त पासवर्डचे कुलूप. आणि सरावासाठी केलेल्या ॲपचा पासवर्ड बहुतेक वेळा नाव आणि जन्मसाल असाच असतो.

ही नुसती भीती नाही. जानेवारी २०१७ मध्ये जगभरातल्या हजारो मोंगोडीबी डेटाबेसवर खंडणीखोरांनी हात मारला. हे डेटाबेस लोकांनी आपापल्या सर्व्हरवर बसवलेले होते, इंटरनेटवर उघडे होते आणि त्यांना पासवर्डच नव्हता. नोंदी पुसल्या गेल्या आणि त्या जागी बिटकॉइनची मागणी करणारी चिठ्ठी ठेवली गेली. अनेक ठिकाणी चोरांनी नोंदींची प्रत घेतलीच नव्हती, त्यामुळे पैसे देऊनही काही परत मिळण्यासारखे नव्हते. हे कोणी माणसाने एकेक दार ठोठावून केलेले काम नव्हते. उघडी दारे शोधत फिरणारे प्रोग्रॅम असतात. त्यांना समोरचा डेटाबेस बँकेचा आहे की भूमच्या दूध केंद्राचा, याच्याशी देणेघेणे नसते.

त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या मोंगोडीबीच्या ३.६ आवृत्तीपासून डेटाबेस मुळात फक्त त्याच यंत्रावरून उघडेल, अशी रचना केली गेली. ॲटलसमध्ये तर पासवर्ड आणि आयपी यादी सक्तीची आहे, माहिती जाताना-येताना सांकेतिक रूपात जाते. कंपनीने आपल्या बाजूचे कुलूप लावले आहे. चार शून्ये घालून ते आपण सैल करतो.

मग हॉटस्पॉटवाल्याने काय करावे? ॲटलसमध्ये आयपी पत्ता तात्पुरता जोडता येतो. काही तासांनी, एका दिवसाने किंवा आठवड्याने तो आपोआप निघून जातो. रोज बसताना आपला त्या दिवसाचा पत्ता घालायचा, हे दोन मिनिटांचे काम आहे. काही मोफत होस्टिंग सेवांना स्थिर पत्ता नसतो आणि तिथे सगळ्यांना मुभा देण्यावाचून गत्यंतर उरत नाही, हे खरे. तेव्हा निदान लांब, अंदाज न येणारा पासवर्ड ठेवावा आणि ॲपच्या वापरकर्त्याला सगळ्या डेटाबेसचे अधिकार न देता फक्त लागणाऱ्या एकाच डेटाबेसचे द्यावेत.

चावी ॲपमध्येच ठेवली तर?

नमुना ॲप लॅपटॉपवर चालते तोवर कनेक्शन स्ट्रिंग लॅपटॉपमध्येच असते. पुढे दोन ठिकाणी ती निसटते. एक, कोड गिटहबवर सगळ्यांना दिसेल असा टाकला जातो आणि त्यात ती ओळ तशीच असते. नंतर पुसली तरी जुन्या आवृत्तीत ती राहतेच. त्यासाठी ती कोडबाहेर वेगळ्या फाइलमध्ये ठेवायची आणि ती फाइल गिटहबवर जाणार नाही अशी नोंद आधीच करायची. आणि एकदा बाहेर गेलीच, तर पासवर्ड बदलणे हाच उपाय.

दुसरी चूक अधिक गंभीर. मोबाइल ॲपमध्येच कनेक्शन स्ट्रिंग भरून त्याची एपीके फाइल व्हॉट्सॲपवरून गावभर वाटली जाते. एपीके उघडून आतले मजकूर वाचता येतात. म्हणजे ज्या-ज्या फोनमध्ये ॲप गेले, त्या-त्या फोनमध्ये डेटाबेसची चावी गेली. मोबाइल आणि डेटाबेस यांच्या मध्ये एक सर्व्हर हवा. मोबाइलने त्याच्याकडे मागायचे, चावी फक्त त्याच्याकडे असायची. बँकेत आपण खिडकीवर पैसे मागतो, तिजोरीपर्यंत जात नाही. इथेही तशी खिडकी लागते. नमुना ॲपच्या धड्यात ती बऱ्याचदा नसते.

मोफत जागा पुरते का?

पुरते, आणि गोची नेमकी तिथेच आहे. हिशेब सोपा आहे. २०० उत्पादक, दिवसातून दोन वेळा, वर्षाचे ३६५ दिवस म्हणजे १ लाख ४६ हजार नोंदी. एक नोंद सुमारे २०० बाइटची धरली तर वर्षाला ३० एमबीपेक्षा कमी. शोधासाठी लागणाऱ्या सूचीची जागा धरून ५० एमबी म्हटले, तरी ५१२ एमबीमध्ये दहाएक वर्षांचे दूध मावते. त्यामुळे पैसे भरून मोठी सेवा घेण्याची वेळच येत नाही आणि सरावासाठी घेतलेली जागा कायमची होते.

पण या मोफत क्लस्टरमध्ये बॅकअपची सोय नसते. इथे एक शंका येते: क्लस्टरमध्ये तर तीन प्रती असतात ना? असतात. एक यंत्र बंद पडले तर दुसरे काम चालू ठेवते. पण चुकून महिन्याच्या नोंदी पुसल्या, तर त्या तिन्ही ठिकाणी तितक्याच इमानदारीने पुसल्या जातात. तीन प्रती यंत्राच्या बिघाडापासून वाचवतात, माणसाच्या चुकीपासून नाही.

आणि इमारतही अमर नसते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएचक्लाउड या मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक इमारत भस्मसात झाली. ज्या ग्राहकांनी दुसरीकडे प्रत ठेवली नव्हती, त्यांतल्या काहींची माहिती कायमची गेली.

जुन्या वहीत ही सोय होती, हे इथे आठवावे. केंद्राच्या वहीत नोंद व्हायची आणि तीच नोंद उत्पादकाच्या कार्डावरही व्हायची. केंद्राची वही भिजली तरी दोनशे घरांत दोनशे कार्डे असायची. ॲप आले की पहिल्यांदा हे कार्ड बंद होते. ते बंद करू नये. छापील पावती किंवा संदेश प्रत्येक उत्पादकाला मिळत राहिला, तर हिशेबाची दुसरी प्रत त्याच्याच हातात राहते.

खाते कोणाच्या नावावर?

सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. भाच्याने खाते स्वतःच्या ई-मेलवर उघडलेले असते. दोन वर्षांनी त्याला पुण्यात नोकरी लागते. भूम, परंडा, वाशी, कळंबच्या मुलांचा रस्ता बहुतेक तिकडेच जातो आणि त्यात गैर काही नाही. पण त्याच्यासोबत केंद्राच्या हिशेबाची चावीही जाते. त्याचा फोन बदलला, ई-मेल बंद झाला किंवा मामा-भाच्यात बिनसले, तर दोनशे घरांचा हिशेब एका माणसाच्या मर्जीवर राहतो. कोणी चोरी केलेली नसते, कोणाचा हेतू वाईट नसतो, तरी माहिती हातची गेलेली असते.

उपाय सोपा आहे. खाते केंद्राच्या किंवा संस्थेच्या ई-मेलवर उघडावे. ॲटलससारख्या सेवांमध्ये एकाच खात्यात अनेकांना वेगवेगळ्या अधिकारांनी घेता येते. भाच्याला सदस्य म्हणून घ्यावे, मालक म्हणून केंद्राच्या दोन जबाबदार माणसांनी राहावे. तो गेला की त्याचा प्रवेश काढावा आणि पासवर्ड बदलावा. गोदामाची किल्ली आपण बदली झालेल्या माणसाकडे ठेवत नाही, तसेच हे.

कायदा काय म्हणतो?

दुधाच्या नोंदीला नाव, मोबाइल क्रमांक आणि बँक खाते जोडले की ती वैयक्तिक माहिती होते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास कमाल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. गावच्या केंद्राला कोणी एवढा दंड करेल, असे नाही. पण कायद्याचे तत्त्व समजून घेण्यासारखे आहे: माहिती ज्याने आपल्या कामासाठी गोळा केली, जबाबदारी त्याची. ‘ॲप पोराने केले होते’ हे उत्तर चालत नाही.

काय बदलायला हवे?

‘एवढे नियम सांगितले तर मुले शिकणार कशी?’ हा आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. पहिल्याच दिवशी कुलपांची यादी वाचून दाखवली तर निम्मा वर्ग उठून जाईल. नोंद पडद्यावर दिसल्याचा आनंद मुलांना मिळायलाच हवा. म्हणून पहिला दिवस जोडण्याचा असू द्या. पण दुसरा दिवस हवाच, आणि तोच बहुतेक धड्यांत, व्हिडिओंत आणि प्रात्यक्षिकांत गायब असतो.

दुसऱ्या दिवशी तीन गोष्टी करून घ्याव्यात. एक, चार शून्यांचा पत्ता काढून ॲप पुन्हा चालवून दाखवा. दोन, कोडमधली कनेक्शन स्ट्रिंग बाहेर काढा आणि पासवर्ड बदला. तीन, सगळ्या नोंदी मुद्दाम पुसा आणि आदल्या दिवशीच्या प्रतीवरून परत आणून दाखवा. मोंगोडीबीत प्रत काढण्याचा आणि परत भरण्याचा प्रोग्रॅम मोफत आहे, लहान डेटाबेसला काही मिनिटे पुरतात. परत आणून बघितल्याशिवाय प्रत आहे, असे म्हणूच नये. प्रात्यक्षिकाचे गुण ‘जोडले’ यावर न देता या तीन गोष्टींवर दिले, तर परीक्षेला बसणारी मुले त्या शिकतीलच.

दूध केंद्र, बचत गट, पतसंस्था किंवा दुकान चालवणाऱ्यांना कोड वाचता येण्याची गरज नाही. ॲप स्वीकारण्याआधी त्यांनी तीन प्रश्न विचारावेत. खाते कोणाच्या नावावर आहे? आत कोण-कोण आणि कुठून येऊ शकते? आज सगळे पुसले गेले तर उद्या सकाळच्या संकलनाआधी परत आणता येईल का? ज्याला याची उत्तरे देता येत नाहीत, त्याचे ॲप अजून नमुनाच आहे.

धाराशिव जिल्हा २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. जिल्ह्याची प्रगती आकडेवारीवर मोजली जाते. आकडे वर पाठवणारा जिल्हा आपले आकडे सांभाळणाराही असावा. त्यासाठी लागणारी साधने मोफत आहेत, केंद्रे मुंबई-पुण्यात आहेत आणि मुले हुशार आहेत. ॲप करणाऱ्या भाच्याला नाउमेद करण्याचे काहीच कारण नाही. फक्त ‘उद्यापासून हेच वापरू’ म्हणण्याआधी मामाने त्याच्याकडून एकदा सगळे पुसून परत आणून घ्यावे. तोवर वही चालू ठेवावी.